आठची गाडी

"किती राह्यलं गो बाय?" सुकीने पुन्हा विचारलं.

"आलंच. हा काय दवाखाना," भारती म्हणाली.

दवाखाना कुठे दिसत नव्हता. दिसत होती ती पुढच्या ट्रकची फळी आणि तिच्याखाली लोंबणारी सुकलेली लिंबू-मिरची. भारतीच्याच पाड्यावरच्या सुकीचं डोकं तिच्या मांडीवर होतं. कळ आली की ती भारतीच्या साडीचा काठ मुठीत धरायची आणि कळ ओसरली तरी सोडायची नाही. समोरच्या बाकावर तिची सासू रूपी हात जोडून पुटपुटत बसली होती. बाकीची माणसं खाली उतरून जीपभोवती उभी राहिली होती. बायकांनी पदर धरून खिडक्या झाकल्या होत्या.

२०१६ची लग्नसराई होती आणि सकाळी नऊचा सुमार. डहाणू स्टेशनच्या रस्त्यावर त्या वेळेला जणू सगळा तालुकाच उतरायचा. शाळेच्या रिक्षा, बँकेत निघालेल्या स्कूटर, चिकूचे टेम्पो, दुकानासमोर आडवे लावून माल उतरवणारे ट्रक आणि पाड्यापाड्यांवरून माणसं भरभरून आणणाऱ्या जीपा. रस्ता होता तेवढाच. दोन्ही बाजूंना दुकानं, दुकानांवर घरं.

ड्रायव्हर धनेश हॉर्नवरचा हात काढत नव्हता.

"अरे, ते वाजवून काय होतंय? कुणाला सरकायला जागा हाय काय?" असं म्हणत रोज त्याच जीपने येणारा लाहू पुढे गेला. खांद्यावरचा टॉवेल त्याने हातात घेतला आणि एकेका गाडीच्या टपावर थाप मारत तो सांगत सुटला, "बाई अडलीय. जरा मागे घ्या. बाई अडलीय." ना आवाज चढवला, ना कुणाला शिवी दिली. एक स्कूटर उचलून बाजूला ठेवली. एका टेम्पोवाल्याला गटारापर्यंत मागे जायला लावलं. वीतभर, हातभर करत जीप पुढे सरकत राहिली.

सुकी वाचली. बाळ रडलं नाही.

"थोडं आधी यायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले. ते काही दोष देण्यासाठी म्हणाले नव्हते. पण रूपीने ते ऐकलं आणि ती भिंतीला टेकून तिथेच खाली बसली.

त्या दिवशी भारती कामावर उशिरा गेली आणि लाहू गेलाच नाही. दवाखान्याबाहेरच्या बाकावर तो तिच्या शेजारी येऊन बसला. त्याने चहाचा ग्लास तिच्या हातात दिला. त्याची नखं निळी झाली होती.

"काल निळे होते काय?" तिने विचारलं.

त्याने नखांकडे पाहिलं. "हां. निळे."

ती चहा प्यायली. 

लाहू फुग्यांच्या कारखान्यात कामाला होता. रबराच्या रंगीत चिकात साचे बुडवायचे, वर काढायचे, सुकवायचे. रंग नखांत शिरला की एक-दोन दिवस जात नसे. तो कासाच्या अलीकडच्या एका पाड्यावरून आठच्या जीपने यायचा आणि भारती रानशेतच्या फाट्यावर चढायची. मधल्या बाकावर तिच्यासाठी त्याचा टॉवेल पसरलेला असायचा. ती चढली की तो टॉवेल उचलायचा, ती खिडकीशी बसायची, आणि जीप आशागडच्या दिशेने निघायची. असं किती वर्षं चाललं होतं, दोघांनी कधी मोजलं नव्हतं. हंगामात तो पळसाच्या पानात करवंदं आणायचा, कधी ताडगोळे. ती घरची चवळी उकडून, मीठ लावून डब्यात आणायची. उरलेला वेळ दोघं खिडकीबाहेर बघत. चिखल तुडवणाऱ्या म्हशी, नवी बांधलेली भिंत, कुणाच्या अंगणात वाळत घातलेली मोहाची फुलं. "बघ," तो म्हणायचा. ती बघायची.

लाहूची बायको जाऊन सात-आठ वर्षं झाली होती. मुलगी तलासरीला दिलेली. भारतीचं लग्न विसाव्या वर्षी झालं होतं आणि मूल होत नाही म्हणून पंचविसाव्या वर्षी ती माहेरी परत आली होती. नवऱ्याने दुसरी केली. आई-बाप होते तोवर घर घरासारखं होतं. ते गेले, भावाने शेजारी वेगळी चूल मांडली, आणि भारती एका खोलीत एकटी राहू लागली. संध्याकाळी भाकरी थापली की ती एकच असायची. रेडिओ लावायची, पण ऐकायची नाही. घरात काहीतरी आवाज असावा एवढंच.

पाड्यावर तिला कुणी वाईट वागवत नव्हतं. तिला कुणी विचारतही नव्हतं. सबंध दिवसात तिची कुणी वाट पाहत असेल तर तो मधल्या बाकावरचा टॉवेल.

त्याला काय म्हणून हाक मारायची हे मात्र तिला कधी ठरवता आलं नाही. जीपमधली सगळी त्याला लाहूदादा म्हणायची. तिला दादा म्हणवत नव्हतं आणि नुसतं लाहू म्हणणं बरं दिसलं नसतं. त्यामुळे तिने त्याला कधी हाकच मारली नव्हती. शेजारी बसलेल्या माणसाला हाक मारावी लागत नाही, तेवढं बरं होतं.

*

भारती पालिकेत कंत्राटी कामगार होती. पाणीपट्टी, घरपट्टीची बिलं वाटायची. बाजारातला प्रत्येक दुकानदार तिला ओळखायचा, आणि बिल घेऊन येते म्हणून थोडा टाळायचाही.

पुढच्या वर्षी योगिता मॅडम मुख्याधिकारी म्हणून बदलून आल्या. वय तिशीच्या आसपास, बोलणं शांत. आल्याआल्या पहिले काही दिवस त्या रोज सकाळी स्टेशनच्या रस्त्यावर एका दुकानाच्या पायरीवर उभ्या राहून नुसतं बघत. मग त्यांनी सगळ्यांना बोलावलं.

"रस्ता रुंद करायचा तर शंभर घरं पाडावी लागतील. ते मी करणार नाही," त्या म्हणाल्या. "पण मला एक सांगा, दहा वाजून गेले की हाच रस्ता रिकामा असतो. दुपारी तर कुत्री झोपतात रस्त्यात. मग सगळ्यांनी नऊलाच कशाला यायचं?"

त्यांचा बेत साधा होता. कारखान्यांनी पहाटे सुरू करायचं. त्यानंतर शाळा. मग दुकानं. बँका आणि कचेऱ्या सगळ्यांत शेवटी; घरोघर बिलं वाटणाऱ्यांची वेळ मात्र आहे तीच. माल उतरवणारे ट्रक दुपारी. आणि जे एकमेकांच्या जवळ राहतात त्यांनी चार गाड्या काढण्यापेक्षा एका गाडीत यायचं. सक्ती करता येणार नव्हती. घरोघरी, दुकानोदुकानी जाऊन पटवायचं होतं.

"हे कागद पाठवून व्हायचं नाही," मॅडम म्हणाल्या. "ओळखीचं माणूस पाहिजे. भारतीताई, तुम्ही जाल?"

भारतीला सुकीची साडीच्या काठावरची मूठ आठवली. "जाते," ती म्हणाली.

आणि ती गेली. चपला झिजवल्या. काही जणांनी चहा दिला, काही जणांनी दारातूनच वाटेला लावलं. "आता पालिका आम्हाला झोपेतून पण उठवणार काय?" असं एक भांडीवाला म्हणाला. तिने त्याला सुकीची गोष्ट सांगितली. मग ती प्रत्येकाला तीच गोष्ट सांगू लागली. नाव न घेता, वाढवून-चढवून न सांगता, जशी घडली तशी. दुकानदार हातातलं काम थांबवायचे. त्यातल्या बऱ्याच जणांनी त्या दिवशी दुकानाच्या दारातून तो टॉवेलवाला माणूस पाहिला होता.

शाळा तयार झाल्या. बँकेचे साहेब तयार झाले. राहिले कारखाने. त्यात सगळ्यांत मोठा फुग्यांचा, आणि तो नेमका स्टेशनच्या रस्त्यावरच्या गल्लीत. तिथली माणसं नऊला आत शिरायची तेव्हा गल्लीचं तोंड अर्धा तास बंद व्हायचं.

त्या फाटकासमोर भारती एकदा जाऊन परत आली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली आणि रसवंतीपाशी थांबून राहिली. या कारखान्याचं नाव वगळावं, असं मॅडमना सांगता आलं असतं. शेठ ऐकत नाहीत म्हणाली असती तर मॅडमनी विश्वास ठेवला असता. कारखाना पहाटेचा झाला म्हणजे काय होणार, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पहाटेची जीप आठच्या आधी दोन तास सुटणार होती.

ती आत गेली.

गुजराती मालक चिमणशेठ गल्ल्यावर बसून चहा पीत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"जो भारतीबेन, मला तो काय वांधा नाय," ते म्हणाले. "पहाटे थंडक असते, माल चांगला निघेल. पण मजूर लोक येल काय? पाड्यावरून येते ती लोक. अंधारात कशी निघेल?"

"जीपवाल्यांशी बोलणं झालंय. पहिली खेप लवकर सोडणार."

"तर मग झालं. तुम्ही बोलते तर मी ना नाय बोलणार." त्यांनी बशी खाली ठेवली. "ते पोराचं झालं ना रस्त्यात, मी पण होता तिथे. माझीच गाडी आडवी होती."

भारती बाहेर आली. रसवंतीवाल्याने विचारलं, "काम झालं काय बाय?"

"झालं," ती म्हणाली.

*

दिवाळीनंतर नव्या वेळा लागू व्हायच्या होत्या. त्याच्या आदल्या आठवड्यात एका सकाळी जीपमध्ये लाहू रानशेतपासून आशागडपर्यंत काही बोलला नाही. "बघ" असंही म्हणाला नाही. आशागड मागे पडल्यावर खिडकीकडे बघतच तो म्हणाला,

"तू सांगितलंस त शेट ऐकल."

"काय सांगायचं?"

"मला आठच्याच गाडीनं येऊ दे, असं."

मागच्या बाकावर कापडाच्या दुकानात काम करणारी कमळी बसली होती. तिचं बोलणं एकदम थांबलं. आरशात धनेशचे डोळे दिसले. समोरच्या दोन म्हाताऱ्यांनी माना वळवल्या. 

"का?" तिने विचारलं. हा प्रश्न विचारायला नको होता, हे तिला तोंडातून निघाल्याबरोबर कळलं.

लाहूने टॉवेल या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला. "सवय हाय," तो म्हणाला.

कमळी फिस्सकन हसली.

भारतीच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. पाड्यावर परत आलेल्या बाईने वीस वर्षं जे सांभाळलं होतं ते या हसण्याने भर गाडीत उघडं पडल्यासारखं झालं. ती दुकानदारांशी बोलायची त्या आवाजात बोलली.

"एकाला सूट दिली तर उद्या सगळेच मागतील. मग सगळा बेतच मोडेल."

"बराबर हाय," लाहू म्हणाला.

"मी तुम्हाला एक सांगणार, दुसऱ्याला दुसरंच सांगणार आणि..."

"बराबर हाय. मी आपला विचारला." त्याने हसून मान हलवली, आणि डहाणूतला सागर नाका यायच्या आधीच, जिथे तो कधी उतरत नसे तिथे, धनेशला गाडी थांबवायला सांगून उतरला.

नंतर त्या आठवड्यात तो रोज आला. टॉवेल पसरलेला असायचा, तो उचलायचा, ती बसायची. करवंदांचे दिवस नव्हते. शेवटच्या दिवशी ती उतरताना म्हणाली, "येते." तो म्हणाला, "हां." एकमेकांचा फोन नंबर दोघांकडे नव्हता. रोज भेटणाऱ्या माणसाचा नंबर कशाला लागतो?

*

बेत यशस्वी झाला. पंधरा दिवस ओरड झाली, महिनाभर कुरकुर, आणि मग लोकांना रस्ता मोकळा बघायची सवय लागली. रिक्षावाले खूश झाले, शाळेची मुलं वेळेवर पोचू लागली. जिल्ह्याचे अधिकारी बघायला आले. मॅडमनी भारतीला पुढे बोलावून सगळ्यांसमोर तिला फुलांचा गुच्छ दिला. घरी आल्यावर तो ठेवायला भांडं सापडेना, तेव्हा तिने तो पाण्याच्या कळशीत ठेवला आणि आठवडाभर बादलीतलं पाणी प्यायली.

सुकी पुन्हा गरोदर राहिली. तिला कळा सुरू झाल्या तेव्हा धनेशने ऐन सकाळी जीप हाणली आणि ती कुठेही न थांबता दवाखान्याच्या दारात नेऊन उभी केली. मुलगी झाली. ती रडली, आणि घरी आल्यावर एवढी रडायची की रूपीला रात्री झोप मिळेना. रूपी बाळाला घेऊन भारतीच्या दारात आली. "बाय, ही तुझी हाय," ती म्हणाली. भारतीने बाळ घेतलं. ते इवलंसं गरम ओझं तिने छातीशी धरलं. आपण केलं ते चुकलं, असं म्हणायचीही सोय आता राहिली नव्हती.

आठच्या गाडीत मात्र माणसं उरली नव्हती. कारखान्याची पहाटे गेलेली, कमळी आणि दुकानातल्या बायका नंतरच्या खेपेला. मधल्या बाकावर भारती एकटीच असायची.

"आता मस्त झालं ना बाय?" धनेश म्हणायचा. "पाय पसरून बस. अख्खा बाक तुझा."

ती खिडकीशीच बसायची. गाडी पूर्वीपेक्षा लवकर पोचायची. वाटेत काही दिसलं तर ते दाखवायला कुणी नसायचं. एकदा आशागडजवळ शेताच्या बांधावर दोन मोर एकमेकांसमोर उभे दिसले आणि ती "बघ" म्हणाली. धनेशने मागे वळून विचारलं, "काय गो?" "काय नाय," ती म्हणाली.

थंडी पडली तेव्हा एका पहाटे ती उठली, चवळी उकडली, डबा भरला आणि कंदील घेऊन फाट्यावर गेली. पहाटेची जीप आली. ती चढली. आत सगळे झोपलेले. कुणी बोलत नव्हतं, कुणी सरक म्हणत नव्हतं. माणसं एकमेकांवर रेलून, शाली-गोधड्या डोक्यावरून ओढून, कोंबडी खुराड्यात बसावीत तशी बसली होती. मधल्या बाकावर जागा नव्हती. लाहू खिडकीशी होता. डोकं गजाला टेकलेलं, तोंड अर्धवट उघडं, टॉवेल मानेभोवती गुंडाळलेला. धक्का बसला की त्याचं डोकं गजावर आपटायचं, पण त्याला जाग येत नव्हती.

ती मागच्या बाकावर बसली. त्याच्या पाड्यावरून जीपच्या रस्त्यापर्यंत चालत यायला बराच वेळ लागतो, हे तिला माहीत होतं. म्हणजे हा किती वाजता उठत असेल? त्याचे गाल बसले होते. दाढी पांढरी दिसत होती. पूर्वी ती पांढरी होती की नव्हती, तिला आठवेना. शेजारी बसणाऱ्या माणसाचा चेहरा आपण समोरून कधी बघितलाच नाही, असं तिच्या ध्यानात आलं.

उठवावं असं तिला फार वाटलं. पण झोप ही एकच गोष्ट आता त्याच्यापाशी उरली असेल तर ती कशी मोडायची? उद्या येऊ, तिने ठरवलं. तो जागा असेल अशा दिवशी. स्टेशनच्या रस्त्यावर ती सगळ्यांच्या आधी उतरली. जीप गल्लीकडे वळली. पालिकेचं फाटक उघडायला अजून फार वेळ होता. ती बंद दुकानाच्या पायरीवर बसली आणि दोघांपुरती आणलेली चवळी एकटीने खाल्ली.

ते उद्याचं लांबलं. भावाच्या घरी लग्न निघालं, मग मार्चची वसुली आली. होळी झाल्यावर एका सकाळी तिने धनेशला सहज विचारल्यासारखं विचारलं, "पहाटेच्या गाडीतली सगळी बरी हायत ना?"

"बरी हायत की. लाहूदादा तेवढा सोडून गेला."

"कुठं?"

"तलासरीला, पोरीकडं. जावयानं तिकडं रोपवाटिकेत लावला कामाला. पहाटेचा जमेना त्याला. दोनदा रस्त्यात चक्कर येऊन पडला." धनेशने गिअर बदलला. "तुला म्हाईत नव्हता?"

खिडकीबाहेर काय काय मागे गेलं ते भारतीने त्या दिवशी पाहिलं नाही.

*

२०१९च्या जानेवारीत तलासरीहून बोलावणं आलं. तिथेही बाजाराच्या दिवशी हायवेपासून चौकापर्यंत गाड्यांची रांग लागायची. डहाणूत कसं केलं ते सांगायला कुणीतरी पाठवा, असा तिथल्या नगरपंचायतीच्या दिपक सरांचा मॅडमना फोन आला. मॅडमनी भारतीला पाठवलं.

सभा दुपारची होती. भारती सकाळीच पोचली. बाजार भरलेला होता. ती गर्दीतून वाट काढत चालली होती, आणि मातीच्या मडक्यांच्या ढिगापलीकडे तिला तो टॉवेल दिसला.

लाहू रस्ता ओलांडत होता. हातात आंब्याच्या दोन कलमांच्या पिशव्या होत्या. आणखी दहा पावलं गेला असता तर गर्दीत मिसळला असता. भारतीने हाक मारायला तोंड उघडलं, आणि काय म्हणून हाक मारायची, हा इतक्या वर्षांचा प्रश्न पुन्हा आडवा आला.

"लाहू!"

हाक फार मोठ्याने निघाली. मडकी विकणारी बाई वळून बघू लागली. लाहू थांबला. त्याने शोधलं, पाहिलं, आणि त्याचा चेहरा आधी उजळला आणि मग थोडा गोंधळला.

"भारतीबाय! तू हिकडं?"

तो बरा दिसत होता. गाल भरले होते. नखं काळी होती, मातीने. त्याच्यामागून एक बाई आली, चाळिशीची, ठेंगणी, डोक्यावर पाटी. ती लाहूच्या शेजारी येऊन उभी राहिली, आणि ती ज्या तऱ्हेने उभी राहिली त्यावरून भारतीला सगळं कळलं.

"ही नवशी," लाहू म्हणाला. "पोरीनं जमवलं. गेल्या मे महिन्यात." मग तो नवशीकडे वळला. "ही भारतीबाय. डहाणूला एकाच गाडीत होतो आम्ही."

"तुमीच काय त्या!" नवशी हसली. तिने पाटी खाली ठेवली. "हे सांगतात ना सारखा. रस्ता सोडवला म्हणतात तुमी सगळा. चला ना घरी, भाकर खाऊन जा."

"सभा आहे माझी," भारती म्हणाली. "परत कधी येईन."

तिघांनी उभ्या उभ्या चहा घेतला. नवशी बोलत होती, रोपवाटिकेबद्दल, लाहूच्या नातवाबद्दल. लाहू ग्लासात बघत होता. नवशी पाटीत काहीतरी शोधायला वाकली तेव्हा तो हळूच म्हणाला,

"पहाटेची गाडी जमली नाय बघ मला."

"कळलं मला. धनेश बोलला."

"तुझा बराबर होता. सूट देऊन चालला नसता."

भारतीला पुष्कळ काही सांगायचं होतं. त्या एका पहाटे ती मागच्या बाकावर होती, हे तर सांगायचंच होतं. पण नवशीने मान वर केली, तिच्या हातात पेरू होते, आणि त्यांतला सगळ्यांत मोठा तिने भारतीच्या हातात ठेवला.

"सांभाळून राहा," भारती दोघांना म्हणाली.

सभेला शाळेची खोली दिली होती. दिपक सरांनी फळ्यावर खडूने तीन खेपा लिहिल्या होत्या. भाजीवाले पहिल्या खेपेला, कापडवाले दुसऱ्या, असं. भारतीने डहाणूची हकिकत सांगितली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता. लोकांनी प्रश्न विचारले, तिने उत्तरं दिली.

मागे जमिनीवर सुकी मासळी विकणाऱ्या बायका बसल्या होत्या. किनाऱ्यावरच्या चिखल्याहून आलेल्या. त्यांना सरांनी तीन खेपांत वाटलं होतं, म्हणजे एका कोपऱ्यात गर्दी होणार नाही. त्यातली सगळ्यांत म्हातारी उठून उभी राहिली.

"ओ बाय, आमी सगल्या जोडीनं येतो, जोडीनं जातो. तुमी आमाला तीन वेळेला आणणार. मग वाटेत बोलाचा कोणाशी?"

खोली हसली. दुकानदार हसले, दिपक सर हसले, म्हातारीही आपण विनोद केला असं वाटून हसू लागली.

भारती हसली नाही. ती फळ्यापाशी गेली. तिन्ही खेपांत "सुकी मासळी" लिहिलं होतं. तिने हाताच्या तळव्याने दोन ठिकाणचं पुसलं.

"सर, यांना एकाच खेपेत राहू द्या," ती म्हणाली.

"अहो, पण तिथे कोपऱ्यात..."

"तीन खेपा म्हणजे तीन टेम्पो येणार आणि तीन जाणार. एकत्र आल्या तर एकच. बसायला चौकाऐवजी शाळेच्या भिंतीकडची जागा द्या. तिकडून वाहनं जात नाहीत, मी सकाळी बघितलंय."

सरांनी फळ्याकडे पाहिलं. "हे बरोबर आहे," ते म्हणाले आणि हसत पुढे म्हणाले, "शिवाय यांना बोलायलाही मिळेल."

"हो," भारती म्हणाली. "तेही."

सभा संपल्यावर ती हायवेवर आली. मासळीवाल्यांचा टेम्पो निघतच होता. रिकाम्या टोपल्या एकात एक घालून बायका वर चढल्या होत्या, एकमेकींच्या मांडीवर, पायांत, फळीवर. सगळ्या एकदम बोलत होत्या. म्हातारीने भारतीला पाहिलं.

"ये गो बाय, चढ! जागा करतो!"

आणि खरंच, त्या दाटीत त्या सरकल्या. दोन वितींची जागा झाली.

"माझी गाडी पलीकडून आहे," भारती म्हणाली. "मला कासाच्या अंगाला जायचंय."

टेम्पो गेला. वळणापर्यंत त्यांचं हसणं ऐकू येत होतं. भारती रस्ता ओलांडून दुसऱ्या बाजूला उभी राहिली. ट्रक जात होते, गुजरातकडचे, मुंबईकडचे. ऊन उतरलं होतं. बऱ्याच वेळाने एक जीप तिच्यासमोर येऊन थांबली. ड्रायव्हर अनोळखी होता. त्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"कासा काय? किती सीट?"

"एकच," भारती म्हणाली, आणि चढली.